दगड टाकू नका, सरपंचताई

पत्र

सप्रेम नमस्कार. मी लातूर-नांदेड महामार्गावर, अहमदपूरच्या पुढच्या एका गावची सरपंच आहे. गाव आत, फाटा रस्त्यावर. रस्ता चौपदरी झाल्यापासून रात्री नऊनंतर फाट्यावर गाड्या लागतात. हंगामात वीस-पंचवीस ट्रक-ट्रेलर ओळीनं उभे असतात. ड्रायव्हर लोक तिथंच रांधतात, तिथंच झोपतात आणि पहाटे आमच्या बांधावर बसतात. सकाळच्या एसटीला कॉलेजच्या मुली त्याच वाटेनं जातात. मागच्या दिवाळीत गावातला एक पोरगा मोटारसायकलवरून येताना दिवा नसलेल्या उभ्या ट्रेलरवर आदळला. वाचला, पण एक पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून गाव पेटलंय. १ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव येणार आहेत. पहिला, जेसीबीनं फाट्याच्या दोन्ही बाजूंना मोठे दगड टाकायचे, म्हणजे गाड्या लागणारच नाहीत. दुसरा तरुण मंडळाचा, गाड्या लागू द्यायच्या पण रात्रीचे शंभर रुपये पावती फाडायची. माझी अडचण अशी, की माझा सख्खा धाकटा भाऊ जालन्याच्या सळईच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘आक्का, तुमच्याकडं दगड टाकले तर मी पुढच्या फाट्यावर लावीन. तिथंबी टाकले तर डोळे मिटत मिटत चालवीन.’ ठरावाच्या बाजूनं बोलावं तर भाऊ डोळ्यांपुढं येतो, विरोधात बोलावं तर त्या पोराची आई. काय करू?

– एक सरपंच, जि. लातूर

उत्तर

सरपंचताई, नमस्कार.

दगडांचं आधी बोलू, कारण कुणीतरी जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवलं असेल. त्याला आजच नको म्हणून कळवा. राष्ट्रीय महामार्ग धोक्याचा होईल असं काही जाणूनबुजून केलं, तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या कलम ८-ब खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ठरावावर सही तुमची असणार. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, उभ्या ट्रकला मागं निदान रिफ्लेक्टर असण्याची शक्यता असते, दगडाला तीही नाही. त्या दगडावर पहिला आदळेल तो तुमच्याच गावचा मोटारसायकलवाला, कारण रोज रात्री त्या कडेनं घरी येणारा तोच आहे.

तरुण मंडळाची पावती म्हणजे आगीतून फुफाट्यात. महामार्गाची जागा ग्रामपंचायतीची नाही. तिथं उभ्या गाडीकडून पैसे मागणं याला पोलीस खंडणी म्हणतात, मग पावतीवर मंडळाचा शिक्का असो की गणपतीचा फोटो. एखाद्या ड्रायव्हरनं ११२ ला फोन लावला आणि पोरांवर गुन्हा नोंदला गेला, तर पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो कायमचा आडवा येईल. पोरांना कायदा समजावत बसू नका, भरतीचं सांगा. लगेच ऐकतील.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते उद्धट वाटलं तरी त्यात खोटं काही नाही. पाणी एका बांधाला अडवलं की शेजारच्या बांधावरून फुटतं, तशी ही गोष्ट आहे. गाड्या तुमच्याच फाट्यावर का लागतात, हे कुणी ड्रायव्हरला विचारलंय का? ढाब्यावर जेवलं तरच गाडी लावू देतात, तेही गिऱ्हाईक वाढलं की ‘उस्ताद, पुढं घ्या’ होतं. पंपवाल्याला डिझेल विकायचं असतं, जागा अडवून ठेवायची नसते. टोल नाक्यावर संडास असतो, पण नाक्याच्या तोंडाशी रात्रभर गाडी ठेवता येत नाही. शहरात दिवसा जड गाड्यांना नो एन्ट्री, त्यामुळं मोंढ्याचा माल असलेली गाडी बाहेरच तिष्ठत राहते. शिवाय मेमध्ये दुपारी केबिनमध्ये झोपणं म्हणजे भाजून निघणं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार झालेल्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली खरी, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत आणि अजून बरीच वर्षं धावतील. म्हणजे झोप उरते ती रात्रीचीच, आणि रात्री गाडी लावायची तर ड्रायव्हर उजेड आणि माणसांची जाग बघून लावतो. अंधारात लावली तर डिझेलच्या टाकीचं कुलूप तुटतं, नाहीतर ताडपत्री कापून पोती उतरतात, आणि बरेच मालक ते नुकसान त्याच्याच पगारातून कापतात. तुमच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, बल्ब आहे, रात्री उशिरापर्यंत माणसं आहेत. गाव सुरक्षित वाटतं म्हणून ते तुमच्याकडं येतात. ग्रामसभेत हे एकदा मोठ्यानं सांगून बघा.

मला स्वतःला या सगळ्यात राग येतो तो आराखडा करणाऱ्यांचा. रस्ता चौपदरी झाला, पूल झाले, दुभाजकात कण्हेर लावली. त्या कण्हेरीला उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालतात. शेजारी उभ्या ट्रकमधल्या माणसाला तोंड धुवायला नळ नाही. समृद्धीसारख्या सातशे किलोमीटरच्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला केला, तेव्हासुद्धा थांबण्याच्या सोयी मागाहून बघू असंच होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच रस्त्यावर वैजापूरजवळ, थांबलेल्या ट्रकवर मध्यरात्री मागून मिनीबस आदळली आणि १२ जण गेले. तो ट्रक विश्रांतीसाठी थांबलेला नव्हता, पण वेगाच्या रस्त्याच्या कडेला उभी गाडी म्हणजे काय असतं, हे त्या रात्री दिसलं. तुमच्या गावानं ते आपल्या पोराच्या पायावर बघितलंय.

कायद्यात ड्रायव्हरच्या झोपेची सोय नाही असं नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला फार तर दहा, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आणि जिथं रात्रीचा मुक्काम पडतो तिथं मालकानं विश्रामखोली द्यायची, असं सगळं लिहिलेलं होतं. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत विरघळलाय. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडं एक गाडी, दोन गाड्या, हप्त्यावर घेतलेल्या. मालक स्वतःच कधी कधी स्टिअरिंगवर. तो कुठून खोल्या बांधणार? त्यामुळं मालकाला झोडपून तुमचा फाटा मोकळा होणार नाही.

तेल कंपन्यांनी महामार्गावरच्या काही मोठ्या पंपांवर ‘अपना घर’ सुरू केलंय. दहा ते तीस खाटा, स्वतः रांधायला जागा, अंघोळीला हौद, आणि ॲपवर खाट धरता येते. चांगलं आहे, भावाला ते ॲप घ्यायला सांगा. पण त्यालाच विचारा, लाखो रुपयांची सळई बाहेर ठेवून तू खोलीतल्या खाटेवर झोपशील का? क्लीनर ठेवणं आताशा परवडत नाही, गाडीवर माणूस एकटाच असतो. तो केबिनमध्येच झोपणार. त्याला खाटेपेक्षा राखण असलेलं आवार, संडास आणि दोन बादल्या पाणी हवं असतं. एवढंच असेल, तर ते तुमच्या गावाच्या आवाक्यात आहे.

माझा सल्ला म्हणून असा: गाड्या पळवू नका, रस्त्यावरून शे-दोनशे मीटर आत घ्या.

जागा शोधताना पहिली नजर जाईल गायरानाकडं. तिकडं जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय गायरानाचा असा वापर करता येत नाही, आणि आज ट्रक उभे केले तर उद्या शेजारी कुणी टपरी टाकेल. त्याऐवजी दोन जागा बघा. रस्ता रुंद करताना वळण सरळ केलं असेल, तर जुन्या डांबरी रस्त्याचा तुकडा कडेला पडून असतो. तो कुणाच्या ताब्यात आहे हे तलाठ्याकडून आणि बांधकाम खात्याकडून काढा. दुसरी, रस्त्याच्या कामाच्या वेळी कंत्राटदारानं कॅम्प टाकला होता ती जागा. कुणा शेतकऱ्याची भाड्यानं घेतलेली, वर्षभर डंपर फिरून मुरूम दगडासारखा बसलेला, त्यात बहुधा बोअरही मारलेला. त्या रानात आता सोयाबीन येत नाही आणि मालक हात चोळत बसलेला असतो. त्याच्याशी ग्रामपंचायतीनं भाडेकरार केला तर त्याचंही भलं होईल. अकृषक वापराचं मात्र तहसीलमध्ये विचारून घ्या.

साध्या काळ्या रानात हा उद्योग अजिबात करू नका. उन्हाळ्यात जमीन कडक दिसते म्हणून भुलू नका. मृगाचा एक चांगला पाऊस झाला की चाळीस टनांची गाडी आसापर्यंत रुतते. मग ती काढायला क्रेन येते, क्रेनचं भाडं कुणी द्यायचं यावर हाणामारी, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या पुन्हा रस्त्यावर. काळी माती उकरून, खाली डबर भरून, वर मुरूम टाकून रोलर फिरवायचा खर्च झेपत असेल तरच नवी जागा घ्या, आणि जूनच्या आत. एकरभर जागेत गाड्या वळवायला वाट सोडून साधारण वीसेक तरी बसतात. ट्रेलरला मागं घेऊन लावावं लागू नये, एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर अशी वाट ठेवा. रात्री दोनला दमलेला माणूस ट्रेलर रिव्हर्स घेताना काय काय पाडतो, ते भाऊ सांगेल.

आत-बाहेरची वाट थेट महामार्गावर काढू नका. त्याला महामार्ग प्राधिकरणाची ॲक्सेस परवानगी लागते आणि ती मिळेतो तुमची पाच वर्षं संपतील. सर्व्हिस रोड किंवा गावाकडं येणारा रस्ता वापरा. आवारात संडास किंवा चौकीदाराची खोली बांधायची तर रस्त्याच्या मध्यरेषेपासून ४० मीटरच्या आत बांधकाम चालत नाही, आणि ४० ते ७५ मीटरच्या पट्ट्यात महामार्गवाल्यांची परवानगी लागते. ७५ मीटर ओलांडून बांधा, कटकट नको.

पैशांचं. संडासासाठी स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये सामुदायिक स्वच्छता संकुलाची सोय आहे, तीन लाखांपर्यंतची. त्यातला काही वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. ग्रामसेवकाला हे ठाऊक असतं, फक्त ‘बाहेरच्या लोकांसाठी कशाला’ असं तो म्हणेल. त्याला सांगा, आत्ता बाहेरचे लोक आपल्या बांधावर बसतायत. आणि हो, आपल्या आवारात गाडी लावायची फी ग्रामपंचायत रीतसर घेऊ शकते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये गाडीतळाच्या फीची तरतूद जुनीच आहे, टांगे होते तेव्हापासूनची. म्हणजे तरुण मंडळाला पावती फाडायची हौस आहे ती इथं भागेल. ठराव करून, दर ठरवून, छापील पावतीवर गाडी नंबर आणि आत-बाहेरची वेळ लिहून. दर मात्र पन्नासाच्या वर नेऊ नका. हा पैसा ड्रायव्हरच्या खर्चीतून जातो, मालक वेगळा देत नाही. शंभर म्हटलं की तो हिशेब करेल आणि पुन्हा फाट्यावर उभा राहील. एक कॅमेरा, दोन हॅलोजन आणि रात्रभर जागा राहणारा एक माणूस, एवढं असलं की पन्नास द्यायला कुणी खळखळ करत नाही.

सगळ्यात जास्त भांडण पाण्यावर होईल, त्याची तयारी ठेवा. मेमध्ये गावात टँकर चालू असताना सरपंचीण ट्रकवाल्यांना अंघोळी घालते, हे वाक्य विरोधकांना आयतं मिळेल. म्हणून गावाच्या नळयोजनेचा एक थेंबही तिकडं वळवू नका. आवाराचा बोअर वेगळा, हौद वेगळा, मीटर वेगळं. अंघोळीचं पाणी बादलीवर विका, आणि टंचाईचे दोन महिने अंघोळ बंद, फक्त प्यायला आणि संडासाला पाणी, अशी पाटी आधीच लावा. ड्रायव्हर लोकांना पाण्याची किंमत आपल्याइतकीच कळते. लघवीला जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारे आणि त्यापायी मुतखडा घेऊन बसलेले त्यांच्यात कमी नाहीत.

दारूच्या बाबतीत एक अक्षर सैल सोडू नका. आवाराच्या दारात कुणी बाटली विकायला लागला, की पुढच्या ग्रामसभेत बायका तुम्हाला उभं करतील, आणि बरोबरच करतील. करारातच लिहा की दारू सापडली तर चौकीदारासकट कंत्राट रद्द.

हे सगळं उभं राहायला सहा महिने जातील. तोवर फाट्यावर माणसं मरू नयेत, यासाठी काही गोष्टी याच आठवड्यात होतात. बंद पडलेली किंवा रस्त्यात घुसलेली गाडी दिसली की १०३३ ला फोन करायचा, गस्तीची गाडी आणि क्रेन देणं हे रस्त्याच्या कंत्राटाचाच भाग असतं. टपरीवाल्याला सांगा, गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला पार्किंग लाइट चालू ठेवायची आणि मागं त्रिकोण ठेवायची आठवण करायची. आणि मंडळाच्या पोरांना लाल रिफ्लेक्टर टेपचे चार रोल आणून द्या. त्या टेपची पहिली पट्टी मात्र आपल्या गावातल्या उसाच्या ट्रॉल्यांना लावा. मागं दिवा नाही, नंबर नाही, अशा दुहेरी ट्रॉल्या रात्री रस्त्यावर घालायच्या आणि ट्रेलरवाल्याला शिव्या द्यायच्या, हे काही बरं नव्हे.

त्या पोराच्या आईकडं ग्रामसभेआधी जाऊन या, आणि हात हलवत जाऊ नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केलाय का, हे विचारा. उभी असली तरी गाडी ती गाडीच. धोकादायक रीतीनं लावलेल्या ट्रेलरच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, आणि दिवाळी होऊन सहा महिने होत आले. हे काम ठरावाच्या आधी करा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज द्यायचा, तिथं फुकट वकील मिळू शकतो. त्या माउलीला दगडांनी काही मिळणार नाही, या अर्जानं मिळू शकेल.

भावाचं नातं लपवू नका. सभा सुरू होतानाच सांगून टाका, माझा भाऊ ट्रेलर चालवतो, हे सगळ्यांना माहीत असावं. तुम्ही नाही सांगितलं तर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडेल, आणि मग तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही. जमलं तर त्याला त्या दिवशी सुटी घेऊन यायला सांगा, आपण कुठं झोपतो हे त्यालाच बोलू द्या. महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते, तिथं संडास आणि एसटीच्या वाटेवरचा उजेड हेच दोन विषय घ्या. तिथून ठराव आला की दगडवाल्यांचा अर्धा जोर ओसरेल.

ठरावाचा मजकूर फार शोभिवंत नको. एवढा पुरे: ‘आमच्या फाट्यावर रात्री जड वाहने महामार्गाच्या कडेला उभी राहत असून अपघात झाला आहे. महामार्ग प्राधिकरणाने येथे किंवा जवळच्या योग्य ठिकाणी ट्रकसाठी थांबा, प्रसाधनगृह, पाणी व उंच दिव्याची सोय करावी. तोपर्यंत ग्रामपंचायत स्वतःच्या ताब्यातील जागेत तात्पुरता गाडीतळ चालवील व त्यास प्राधिकरणाने व पोलिसांनी सहकार्य करावे.’ सोबत अपघाताच्या एफआयआरची प्रत आणि रात्री अकराला फाट्यावर काढलेले चार फोटो जोडा. एक प्रत प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात, त्यामुळं विषय समितीच्या बैठकीत घ्यावा असं स्वतंत्र ओळीत लिहा. आमदार-खासदारांना प्रत द्यायला हरकत नाही, मात्र भूमिपूजनाची तारीख त्यांना ठरवू देऊ नका, नाहीतर मुरूम पावसाळ्यानंतरच पडेल. अर्ज पोस्टानं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून समाधान मानू नका. स्वतः लातूरला जा, टेबलावर द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.